पाचशेवर स्थिर

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. उद्या कोणी विचारलं की हे सर्किट नेमकं कसं घडत गेलं, तर तारीखवार सांगता यावं. मोठी माणसं अशा नोंदी ठेवत नाहीत आणि नंतर सगळ्यांचे हाल होतात.

वस्तुस्थिती थोडक्यात. जिवाणूंच्या पोटात मी डीएनएची एक छोटी चकती घातली आहे. चकतीवर दोन जनुकं. पहिलं हिरव्या उजेडाचं प्रथिन बनवतं. उजेड जास्त झाला की दुसरं जागं होतं आणि पहिल्याचा कान पिळतं. उजेड कमी झाला की कान सोडतं. म्हणजे बाहेर उष्मा वाढो, गारठा पडो, आत उजेड ठरल्या आकड्यावर राहणार. आकडा मी ठरवला आहे, पाचशे. या जनुकांच्या जोडणीला सर्किट आणि तिच्या युक्तीला फीडबॅक कंट्रोल म्हणतात. पुढेमागे रोग्याच्या शरीरात राहून लागेल तेवढंच औषध बनवणारे जिवाणू याच तत्त्वावर निघतील. तेव्हा माझं नाव निघेलच.

१८ तारखेला समिती येते आहे. समिती खूश झाली की मी कायम. न झाल्यास ३० तारखेला करार संपतो. या दुसऱ्या शक्यतेवर शाई खर्च करत नाही.

संकल्प: रोज साडेआठला लॅबमध्ये हजर. चहा दोनच. मावशींशी वाद नाही.

सायं. ६.००

मावशींशी वाद झाला. चहा पाच.

मावशी म्हणजे आमच्या लॅबच्या टेक्निशियन. सव्वीस वर्षं इथेच. डायरेक्टरसुद्धा त्यांना मावशी म्हणतात. वादाचा विषय ब्लँक. मोजणीच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे असतात. त्यातले तीन मोकळे ठेवा म्हणतात. म्हणजे त्यांत जिवाणू नाहीत, नुसता ब्रॉथ, जिवाणूंचं ते पिवळं खाणं. का, तर ब्रॉथलाही स्वतःचा थोडा उजेड असतो, तो किती ते कळायला हवं. मी म्हटलं, मावशी, मला शहाण्णवच्या शहाण्णव खळगे भरलेले हवेत, समितीपुढे तीन खळगे उपाशी दाखवू का? मावशी म्हणाल्या, दाखवा ना, त्यांचंच पोट भरलेलं असतं. याचा अर्थ काय, हे त्यांनाच ठाऊक.

३ सप्टेंबर, बुधवार

घरी नवीन भानगड. हिला बढतीचं पत्र आलं आहे.

ही पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. कंट्रोल रूममध्ये बसून शहराच्या टाक्यांची पातळी सांभाळते. आता नव्या शुद्धीकरण केंद्राची प्रमुख म्हणून बोलावलं आहे. इथून सहा तासांवर. या खुर्चीची वाट ती चौदा वर्षं बघते आहे. पत्र वाचताना चष्मा दोनदा पुसला. होकार-नकार १७ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवायचा.

जेवताना तिने सरळ मांडलं. तू इथे कायम झालास तर मी नाही म्हणते, घर तोडायचं नाही. तुझं नक्की नसेल तर मी हो म्हणते आणि तिघंही जाऊ, तुला तिकडे काहीतरी मिळेल. फक्त मला खरं काय ते सांग. मी म्हटलं, झाल्यातच जमा आहे. ती म्हणाली, झाल्यात जमा की झालं? मी म्हटलं, शंभर टक्के.

लेक आठवीत आहे. तिला शाळा सोडायची नाही. ती माझ्या बाजूने आहे. दोन विरुद्ध एक.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज एक धाडसी निर्णय. अँटिबायोटिक बंद केलं.

ब्रॉथमध्ये औषध घालायची जुनी पद्धत आहे. चकती सांभाळणारा जिवाणू त्यातून वाचतो, टाकून देणारा मरतो. म्हणजे दिवसरात्र डोक्यावर छडी. माझ्या जिवाणूंना असल्या धाकदपटशाची गरज नाही. चांगलं काम करणाऱ्याला मोकळं सोडावं, हे मी डायरेक्टरांनाही कितीदा सुचवलं आहे, अर्थात माझ्याबाबतीत.

परिणाम तत्काळ. दुप्पट वेगाने वाढताहेत. दुपारपर्यंत बाटल्या गढूळ. मावशींनी बाटली उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाल्या, अंगावरचं ओझं टाकल्यासारखे पळताहेत. मी म्हटलं, बघा, आनंद! त्यांनी रजिस्टरमध्ये तारीख घालून लिहिलं, औषध बंद, साहेबांच्या सांगण्यावरून. ‘साहेबांच्या सांगण्यावरून’ याची काही गरज नव्हती.

८ सप्टेंबर, सोमवार

आकडा ३१०. यंत्र जुनं झालं आहे. गेन वाढवला. गेन म्हणजे यंत्राची नजर तीक्ष्ण करायचं सेटिंग. आकडा ५००.

चहा चार. घटतो आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

२४०. यंत्राबद्दल दुरुस्ती विभागाला कडक पत्र लिहिलं. गेन आणखी वर. ५००.

१० सप्टेंबर, बुधवार

१६५. दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणतो यंत्र ठणठणीत आहे. हल्ली कोणाला आपल्या कामाचा अभिमान राहिलेला नाही. गेन जवळजवळ शेवटापर्यंत. ५००.

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३.४०

झालं! झालं! घाईत लिहितो आहे म्हणून अक्षर असं.

आज सकाळी गेनला हातही लावला नाही. पहिलाच आकडा ५००. मग छळ सुरू केला. तापमान पाच अंशांनी वर. ५०१. खाली आणलं. ४९९. प्लेट अर्धा तास गदागदा हलवली. ५००. पडद्यावर रेषा अशी, की पट्टी ठेवून मारली असावी. जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये जिवाणूंनी इतकी सरळ रेषा दिली नसेल. सगळ्यांच्या रेषा नागमोडी येतात, खाली जातात, चाचपडत परत येतात. माझी हलतच नाही.

बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडलो. मग तोंड धुऊन डायरेक्टरांना सांगितलं. ते खुर्चीतून अर्धे उठले. अर्धे उठलेले मी प्रथमच पाहिले.

रात्री ८.३०

रेषेची प्रत फ्रिजवर लावली. हिने दूध ठेवता ठेवता बघितली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, आमच्याकडे पातळीची रेषा इतकी सरळ आली की आम्ही आधी टाकीवर माणूस पाठवतो. पातळी सांगणारा तरंगता फ्लोट अडकलेला असतो. टाकी रिकामी होत असते आणि पडद्यावर पाणी भरलेलं दिसतं.

मी हसलो. समजावून सांगितलं की टाकी निर्जीव असते. ती म्हणाली, सेन्सर इथेही निर्जीवच आहे ना?

पाण्याच्या माणसांना सगळीकडे पाणीच दिसतं. तरी मनाला थोडं लागलं. आनंदाच्या दिवशी असं बोलू नये.

१३ सप्टेंबर, शनिवार

डायरेक्टरांनी उत्साहाच्या भरात समितीवर बाहेरच्या एका प्राध्यापिका बोलावल्या आहेत. या क्षेत्रात त्यांना कात्री म्हणतात. भल्याभल्यांचे निकाल तीन प्रश्नांत कापतात. बातमी ऐकून सहावा चहा घेतला. तो आनंदाचाही असू शकतो.

लेकीला वाढलेला तिमाही अभ्यास आणि मला कात्री. दोघंही एकाच टेबलावर बसलो. तिने विचारलं, बाबा, आपण नक्की इथेच राहणार ना, मग मी नाटकात भाग घेऊ का? मी म्हटलं, मुख्य भूमिका घे.

१५ सप्टेंबर, सोमवार

मावशी पुन्हा ब्लँकवर. दोनच दिवस राहिलेत, तीन खळगे द्या. मी म्हटलं, तीन खळग्यांत माझा विश्वास मावणार नाही. वाक्य चांगलं होतं. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

संध्याकाळी हिने नकाराच्या पत्राचा मसुदा दाखवला. चार ओळींचा. शेवटची ओळ तिने तीनदा लिहून खोडली होती, ते मला दिसलं. मग म्हणाली, ते फ्लोटचं तपासलंस का? तुमच्यात त्याला काय म्हणतात ते. मी म्हटलं, ब्लँक. तपासलं. ती म्हणाली, आणि? मी म्हटलं, एकदम स्वच्छ.

हे खोटं नाही. तपासणार आहेच, फक्त क्रम थोडा पुढेमागे झाला. उद्या सकाळी पहिलं काम.

१६ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी १०.५०

मावशींनी मला न विचारता प्लेटच्या शेवटच्या तीन खळग्यांत नुसता ब्रॉथ घातला होता. जिवाणूंचं नावही नाही.

५००. ४९८. ५०१.

सकाळी ११.३०

शक्यता: मावशींच्या हातून जिवाणू सांडले असावेत. शक्यता: ब्रॉथ जुना. शक्यता: यंत्र.

नवा ब्रॉथ आणला, नवी प्लेट, स्वतःच्या हाताने भरली. ५००.

दुपारी २.००

मावशींनी आणखी एक काम केलं होतं. काल माझ्या बाटलीतला थेंब औषध घातलेल्या बशीवर पसरून ठेवला होता. चकती असती तर आज बशीवर ठिपकेच ठिपके दिसले असते. एक नाही. बशी नुकतीच धुतल्यासारखी.

म्हणजे औषध बंद केल्यावर चकती टाकून देणारे जिवाणू हलके झाले, भराभर वाढले आणि चकतीवाल्यांना त्यांनी मागे टाकलं. दहा दिवसांत बाटलीत माझं सर्किट नाही. उजेड कमी होत गेला, मी गेन वाढवत गेलो आणि शेवटी यंत्राला ब्रॉथचाच उजेड पाचशे दिसायला लागला. ब्रॉथ हलणार कशाला?

मावशी टोमणा मारतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी मारला नाही. स्टूल ओढून बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, फ्रीझरमध्ये ऑगस्टची कुपी आहे, चकतीवाली, मी ठेवली होती. वाढवायला तीन दिवस लागतील. समितीला खरं सांगून चार दिवस मागून घ्या, देतील. आणि घरी सांगा. त्यांना घरचं कसं माहीत, असं विचारलं. म्हणाल्या, पंधरा दिवस तुम्ही दुसरं काही बोलताय का?

रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिलं: १६ सप्टेंबर, ब्लँक ५००. यावेळी मला सही करायला लावली.

संकल्प: आज घरी गेल्या गेल्या हिला सांगायचं. चपला काढायच्या आधी.

रात्री ८.००

चपला काढल्या. दारातच लेक. नाटकात मुख्य भूमिका मिळाली. ही आतून म्हणाली, चला, एकाचं तरी ठरलं, आणि हसली. जेवताना सांगणार होतो, तर लेक संवाद म्हणून दाखवत होती. भांडी आवरताना सांगणार होतो, तर नळाचा आवाज होता.

उद्या सकाळी. शिवाय उद्यापर्यंत ऑगस्टच्या कुपीतून काहीतरी हाती लागेल. तेव्हा नुसती वाईट बातमी न देता सोबत उपायही देता येईल. घाईने अर्धवट माहिती देणं हा अन्यायच.

१७ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ८.१५

ही सातलाच गेली. पंप बंद पडला होता. फोन केला, उचलला नाही. मी केला होता याची नोंद असावी.

दुपारी १.००

कुपीतले जिवाणू जेमतेम डोळे किलकिले करताहेत. मावशी म्हणाल्या, त्यांच्याकडे बघत बसून ते लवकर वाढत नाहीत. मग म्हणाल्या, फोन केलात का? मी म्हटलं, पाचपर्यंत वेळ आहे.

दुपारी ३.१५

पाचपर्यंत वेळ आहे.

विचार करतो आहे. समजा, समितीने चार दिवस दिले. समजा, खरं सर्किट चाललं. मग मी कायम होईनच. म्हणजे हिला जे सांगितलं ते अखेर खरंच ठरेल. आज सांगून तिला घाबरवलं आणि तिने हो कळवलं, तर खरं होणारी गोष्ट मी स्वतःच खोटी पाडली असं होईल. मुद्दा बिनतोड आहे.

दुपारी ४.३५

फोन आला. तिचाच. चार वीसला. मागे पंपाची घरघर. म्हणाली, पत्र समोर उघडं आहे, पाठवायचंच बाकी. एकदा शेवटचं विचारते, मग आयुष्यात पुन्हा हा विषय काढणार नाही. तू तपासलं होतंस ना?

मावशी समोर होत्या. हातातली बाटली त्यांनी हलवायची थांबवली.

मी म्हटलं, पाठव.

चार एकतीसला तिचा संदेश आला. पाठवलं.

मावशी उठून दुसऱ्या खोलीत गेल्या. त्यांना तिथे काहीतरी काम असेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी २.३०

समिती झाली. ठरवलं होतं की सुरुवातीलाच सांगायचं आणि चार दिवस मागायचे. पण डायरेक्टरांनी प्रास्ताविकात माझी इतकी स्तुती केली की मध्ये तोंड घालणं असभ्य दिसलं असतं. पडद्यावर रेषा लागली. दोघा सदस्यांनी मानाही डोलवल्या. क्षणभर मलाही ती खरी वाटली.

कात्रीबाई दिसायला अगदी साध्या. पायाशी कापडी पिशवी. पहिला प्रश्न: ब्लँक किती? दुसरा: गेन रोज तोच होता का? तिसरा त्यांनी विचारलाच नाही, मावशींकडे हात केला. मावशींनी रजिस्टर दिलं. बाई पानं उलटत गेल्या. आठ तारीख, नऊ, दहा. गेन वर, गेन वर, गेन वर.

मग म्हणाल्या, फीडबॅक उत्तम चालला आहे. आकडा घसरला की दुरुस्ती, घसरला की दुरुस्ती, पुन्हा पाचशे. फक्त हे सर्किट जिवाणूंमध्ये नाही. सर्किट तुम्ही आहात.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

डायरेक्टरांनी विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? मी म्हटलं, आत्ता बाईंनी दाखवलं तेव्हा. बाईंनी आणखी एक पान उलटलं आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सोळा सप्टेंबर. खाली माझी सही.

त्या म्हणाल्या, चूक सगळ्यांच्या हातून होते, चार दिवस मागितले असते तर आठ दिले असते. पुढचं नीट ऐकू आलं नाही. करार ३० तारखेला संपतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हिला काल सांगितलं. चहाचे कप मध्ये होते, कोणी प्यायलं नाही.

सगळं सांगितलं. औषध, गेन, ब्रॉथ. ती ऐकत होती. म्हणाली, फसला तर फसला, आमचे पंपही जळतात. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात तिने विचारलं, तुला कळलं कधी?

म्हटलं, मंगळवारी. सकाळी.

तिने बोटं मोजली नाहीत, पण मोजल्यासारखी थांबली. मग म्हणाली, मी बुधवारी चार वीसला विचारलं. मी कपाखालची बशी सरळ केली. ती म्हणाली, नोकरी गेल्याचं मला काही नाही रे. तू कळून-सवरून पाठव म्हणालास.

आज सकाळी तिने ऑफिसला फोन केला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. नकार काल दहा वाजता पुढे गेला, यादीतल्या दुसऱ्या माणसाने अकराला होकार दिला. तिने थँक्यू म्हटलं, मग त्या माणसाने तिकडच्या कुठल्या पंपावर लक्ष ठेवावं तेही फोनवर समजावून सांगितलं. फोन ठेवून डबा भरला. माझाही भरला.

मला फार वाईट वाटतं आहे. यावर पुढे काही लिहायला सुचत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.००

मावशींनी शनिवारी येऊन ऑगस्टची कुपी पुरती वाढवून मोजली. औषध घालून, तीन ब्लँक लावून. ब्लँक वजा करून आकडा ४३०. उष्णता दिली की ३९० पर्यंत खाली जातो, चाचपडतो, वीस मिनिटांत परत वर येतो. म्हणजे सर्किट चालतं. ते आधीपासूनच चालत होतं. एरवी मी धावत घरी गेलो असतो. काल जेवताना सांगितलं, तर ही म्हणाली, बरं झालं, आणि भाजी वाढली.

ती माझ्याशी नीट बोलते. भांडत नाही, रुसत नाही. दूध आणायचं आहे, वीज बिल आलं आहे. फक्त मला विचारत काही नाही. गेल्या तीन दिवसांत तिच्या तोंडून माझ्यासाठी एकही प्रश्न आलेला नाही, हे मला आज दात घासताना लक्षात आलं.

आत्ता लेक शाळेला निघाली. बाहेर जरा ढग होते. तिने दारातून विचारलं, बाबा, छत्री घेऊ का? मी खिडकीतून आभाळ बघितलं, चांगलं दोन मिनिटं, चारी बाजूंनी बघितलं, आणि म्हटलं, नको गं, येणार नाही पाऊस.

तिने आईकडे पाहिलं आणि छत्री घेऊन गेली.